टोपली आणि विदूषक

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हा आमच्या शाळेतला कॉम्प्युटरबद्दलचा पहिला आणि बराच काळ एकमेव नियम होता. जळगावलगतच्या पिंप्राळ्यातली आमची शाळा, पहिली ते चौथी, मराठी माध्यम. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. जळगावात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, एकच ध्यास लागला होता, की पलीकडच्या शाळेच्या आधी आपल्याकडे कॉम्प्युटर आला पाहिजे. पोरांनी त्यावर बसून करायचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. ते काम माझ्या गळ्यात पडलं.

पडलं त्याचं कारण एवढंच, की सुट्टीत भाच्याच्या क्लासमध्ये बसून मी माउस धरायला शिकले होते. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्या म्हणाल्या, "तुम्हाला येतं ना? मग तुम्हीच ठरवा. दिवाळीनंतर खोलीभर मशीन येणार आहेत. त्यात पोरांसाठी काय घालायचं ते बघून ठेवा." जणू काही डब्यात काय द्यायचं ते विचारत होत्या.

नमुन्यादाखल एक मशीन आधी आलं. त्याच्यासमोर नारळ फोडला, ते पाणी कळफलकावर उडालं, आणि मग शिपाई, मोठ्या बाई आणि मी असे तिघंजण आपापल्या रुमालांनी तो पुसत बसलो. शिवणाच्या बाईंनी झालरीचं आवरण शिवून दिलं. मशीनसमोर रोज लागणारी उदबत्ती मी बंद करवली. त्यावरून दोन दिवस स्टाफरूममध्ये मला टोमणे बसले.

बातमी फुटल्यावर विकणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या हातात चकचकीत सीडी, प्रत्येकाच्या तोंडी 'मुलं खेळता खेळता शिकतील'. एकात बाई इतक्या झरझर इंग्रजी बोलायची की मलाच काही कळेना, तर दुसरीतल्या पोरांचं काय घेऊन बसलात? एकात नुसता बर्फ. आमच्याकडे मे महिन्यात डांबर पाघळतं आणि ह्यात पोरं बर्फाचा माणूस मोजतायत. एकेक करून मी ते परत पाठवले. "बाई फार चिकित्सक आहेत," असं एक एजंट बाहेर शिपायाला सांगत होता, ते मी ऐकलं आणि मला बरं वाटलं.

शेवटी दोन उरले. पहिला एका शिक्षक नवराबायकोनं घरी बसून केलेला, मराठीत, रंग यथातथाच. पडद्यावर आंबे असायचे आणि एक टोपली. सांगितले तेवढे आंबे टोपलीत टाकायचे. चुकलं तर टोपली गपचूप रिकामी व्हायची, आंबे परत आपल्या जागी जायचे आणि तो प्रोग्राम थांबून राहायचा. बस, एवढंच. दुसरा होता विदूषकाचा. त्यात गाणी, फटाके, उड्या, सगळा थाट. बरोबर आलं की विदूषक नाचायचा. चुकलं की पोट धरून हसायचा.

निवडायचं कसं, हे मला धुळ्याला शिकवलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथल्या अध्यापक विद्यालयात होते. शैक्षणिक साहित्य हा विषय आम्हाला जे सर शिकवायचे, त्यांच्यासारखा शिक्षक मी पुढे पाहिला नाही. आम्ही काडेपेट्या, चिंचोके, पुठ्ठे घेऊन तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू करायचो. सर म्हणायचे, "तुम्हाला आवडलं, ते घरी ठेवा. पोराच्या हातात द्या आणि तुमचे हात पाठीमागे बांधा. तोंड उघडायचं नाही. पोरगं काय करतं ते बघा." आम्ही हात मागे बांधून, ओठ आवळून उभ्या राहायचो. एकदा सराव पाठ चालू असताना पोराचं उत्तर चुकलं आणि शिकवणारी मैत्रीण फिस्सकन हसली. मागच्या बाकावर बसलेले सर उठले, पाठ तिथेच थांबवला आणि तिला वर्गाबाहेर पाठवलं. एका शब्दानं रागावले नाहीत.

त्यांचा आणखी एक दंडक होता. पाठाचं टाचण आदल्या दिवशी त्यांना दाखवायचं. त्यांची सही असल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही. ती सवय आमच्या इतकी अंगात मुरली, की नोकरीला लागून वर्षं झाली तरी काही नवीन करायचं म्हटलं की मला वाटे, आधी सरांना दाखवावं. माझ्या बरोबरीच्या बायकांचंही तेच. ज्यानं अध्यापक विद्यालयातली ती वर्षं काढली नाहीत, त्याला हे हास्यास्पद वाटेल. वाटू दे.

आता त्या मुलीबद्दल सांगते. ती माझ्याच वर्गात, दुसरीत. घरची माणसं मूळ धुळ्याकडच्या सोनगीरची. बाप जळगावच्या डाळमिलमध्ये पोती उचलायचा, आई घरकामं करायची. पोरगी शाळेत एक अक्षर बोलायची नाही. पहिलीत पहिल्याच आठवड्यात तिनं तिथल्या बाईंना तिच्या अहिराणीत काहीतरी विचारलं होतं, आणि जळगावची सगळी पोरं खो खो हसली होती. त्या दिवसापासून जे तोंड मिटलं ते मिटलंच. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. तोंडी परीक्षेत शून्य. आई मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, घरमा तं दिनभर बोलस, डोकं खाई जास. शाळामाच काय व्हस तिले?" आणि मग आवाज उतरवून, "तिना बाप म्हनस, शाळामा बठीसन काय उपेग? सोनगीरले आजीकडे ठी देऊ."

सोनगीरला ठेवणं म्हणजे शाळा बंद. धाकट्या भावंडांना सांभाळायचं, म्हशीमागे जायचं. ते मला ठाऊक होतं, तिच्या आईलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, वर्ष संपेपर्यंत थांबा. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

प्रोग्राम तपासायला मी रोज चारसहा मुलं त्या खोलीत नेत असे. माउस म्हणजे काय हे पोरांना कळेना. कुणी तो उचलून पडद्याला टेकवायचा, कुणी कानाला लावायचा. मी हात मागे बांधून उभी. गप्प राहणं मला किती जड जातं, हे मला ओळखणारे सांगतील. एक दिवस त्या मुलीला टोपलीसमोर बसवलं. तिनं पाच आंबे टाकायचे होते, सात टाकले. टोपली रिकामी झाली. तिनं मागे वळून पाहिलं, कोण हसतंय का म्हणून. कुणीच हसत नव्हतं. तिनं पुन्हा टाकले, पुन्हा चुकले. टोपली पुन्हा रिकामी होऊन वाट बघत राहिली.

ती रोज यायला लागली. तिचे ओठ हलताना मला दिसायचे. मग एकदा आकडे ऐकू आले. आणि एका दुपारी माउस घसरला, आंबा खाली पडला, तेव्हा ती पडद्याला चक्क दटावून म्हणाली, "थांब, देस ना मी!"

मला रडू फुटलं. हात पाठीमागे, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. पहिलीतल्या त्या हसण्यानंतर तिनं शाळेत कुणाशी काढलेला तो पहिला शब्द, आणि तो ना मला, ना पोरांना, त्या खोक्याला. मला अजिबात वाईट वाटलं नाही. खोक्याशी बोलली, उद्या आपल्याशी बोलेल.

प्रामाणिकपणे विदूषकही तपासायला हवा होता. मुलगे त्याच्यावर खूश होते. ते तर मुद्दाम चुकायचे, त्याचं हसणं ऐकायला. त्या मुलीला बसवलं. ती चुकली. विदूषक पोट धरून हसला. गरम तवा लागावा तसा तिनं माउसवरून हात काढला, स्टुलावरून उतरली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि निघून गेली. मग कितीतरी दिवस ती त्या खोलीच्या दाराशीसुद्धा फिरकली नाही. टोपली लावून, बाकीची पोरं बाहेर काढून, तिला पुन्हा आणायला मला नाकी नऊ आले.

माझा निर्णय झाला होता. नानांसमोर दोन्ही प्रोग्रामांची बैठक ठरली होती, तिथे मी बोलायचं होतं. आणि त्याच सुमारास धुळ्याहून सर आले. सहज म्हणून. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, केस पांढरे झाले होते, पण चालणं तेच ताठ. मी वाकून नमस्कार केला, घरी नेऊन जेवायला घातलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन सगळं दाखवलं. मला पुन्हा एकोणीस वर्षांची झाल्यासारखं वाटत होतं.

"काय काय आक्षेप आहेत तुझे? एकेक सांग," सर म्हणाले. मी बैठकीसाठी केलेलं टाचणच पुढे ठेवलं. विदूषक चुकणाऱ्याला हसतो. त्याची भाषा इंग्रजी, पोरांची नाही. चुकल्यावर विचार करायला तो वेळ देत नाही, लगेच पुढचा प्रश्न विचारतो. सरांनी नीट ऐकलं, मध्येमध्ये प्रश्न विचारले. दाराआडून त्या मुलीला टोपलीत आंबे टाकताना पाहिलं. "हीच का ती?" म्हणाले. मी सगळी हकिकत सांगितली, बापाचं सोनगीरचं म्हणणंही सांगितलं. "छान निरीक्षण आहे," असं म्हणून त्यांनी टाचणाखाली सही केली. दोघंही हसलो. स्टँडवर त्यांना बसमध्ये बसवून परत येताना मी रिक्षा केली नाही, चालत आले, इतकी आनंदात होते.

बैठकीच्या दिवशी शाळेच्या फाटकात जीप थांबली. विदूषकाच्या प्रोग्रामचा धुळ्याचा विक्रेता उतरला आणि त्याच्यामागून सर उतरले. विक्रेत्यानं नानांना ओळख करून दिली, "हे आमचे शैक्षणिक सल्लागार." मी इतकी भाबडी, की तेव्हाही मनात आलं, बरं झालं, आपल्या बाजूनं बोलायला एक माणूस आला.

सर आधी बोलायला उभे राहिले. तेच धीमे बोलणं, मधेच थांबणं. "कोणत्याही चांगल्या शिक्षिकेला या प्रोग्रामबद्दल काही शंका येतील," ते म्हणाले. आणि त्यांनी माझे आक्षेप मांडायला सुरुवात केली. माझ्याच क्रमानं. माझ्याच शब्दांत. "मी एक मुलगी पाहिली, ती चुकली, विदूषक हसला, ती स्टुलावरून उतरून निघून गेली." त्यांनी कुठे पाहिली? ती मी पाहिली होती! माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. प्रत्येक आक्षेपाला त्यांच्याकडे तयार उत्तर होतं. मराठी आवाज घालून देऊ. वेळ वाढवून देऊ. हसणं काढून टाकू. मग टोपलीकडे वळून म्हणाले, "या शिक्षकांचा प्रयत्न प्रामाणिक आहे. पण गॅदरिंगला पालक आले, तर त्यांना दाखवणार काय? टोपली?" सगळे हसले.

"बाई, तुम्हाला काही सांगायचंय?" नानांनी विचारलं.

काय सांगायचं होतं मला? जे होतं नव्हतं ते सगळं त्यांनी सांगून टाकलं होतं आणि पुसूनही टाकलं होतं. मी उठून म्हटलं, "सर, हे मी सांगितलं होतं तुम्हाला."

"अर्थात!" सर कौतुकानं म्हणाले. "नाना, माझी विद्यार्थिनी आहे ही. तिनं अडचणी काढल्या, म्हणून आम्हाला त्यावर उपाय करता आले." टाळ्या पडल्या. माझ्यासाठी! मी तरीही म्हटलं, टोपलीच घ्या, मुलं तिथे बोलायला लागली आहेत. नाना गोंधळून म्हणाले, "पण बाई, तुमच्या तर सगळ्या शंका फिटल्या ना?" मोठ्या बाई मान खाली घालून वहीवर रेघोट्या मारत होत्या. माझ्याजवळून जाताना सर हळूच म्हणाले, "हसणं निघेल गं. माझा शब्द आहे."

मला संताप आला होता, पण तो शब्द मी धरून ठेवला. हसणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर काढणारा माणूस होता तो. विकायला निघाला असेल, म्हातारपणी काही अडचण असेल, पण ह्या एका बाबतीत फसवणार नाही, असं मी स्वतःला बजावत राहिले.

मशीनं आली, टोपली गेली, विदूषक आला. तो आधी चालवून पाहावा असं मला वाटलं नाही, सरांचा शब्द होता. उद्घाटनाच्या आधी मी त्या मुलीला बाजूला घेतलं. ती विदूषकाचं चित्र बघूनच मागे सरकत होती. मी खाली बसले आणि तो आता हसणार नाही, हे मला जमेल तसं तिच्या भाषेत सांगितलं, "तो आते हासाव नही. मी सांगस ना." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

उद्घाटनाला मांडव होता, मांडववाल्याचे कर्णे होते, गळ्यात हार घालून पाहुणे बसले होते. मोठ्या बाई एखादं हुशार मूल पुढे करणार, तेवढ्यात सरच म्हणाले, "ती सोनगीरची मुलगी बसवा. बोलत नव्हती, आता कशी शिकते ते पालकांनाही दिसेल." नानांना ते फार आवडलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान डोलावली. जा, म्हटलं. तिची आई खिडकीबाहेर पदर तोंडाला लावून उभी होती.

आवाज सगळ्यांना यावा म्हणून मशीनची वायर कर्ण्याला जोडली होती. विदूषकानं इंग्रजीतच काहीतरी विचारलं. मुलीनं थोडा विचार केला आणि माउस दाबला. ते चुकलं. विदूषक पोट धरून हसायला लागला. ते हसणं कर्ण्यातून पार रस्त्यापर्यंत गेलं असेल. पोरं हसली, पालक हसले, नाना मांडीवर हात मारून हसले. आणि सरही हसले. हार हलत होता त्यांचा. मी स्वतः पाहिलं.

मी गर्दीतून त्यांच्याजवळ गेले. "तुम्ही हसणं काढणार होता."

"अगं, ते तयार होऊन येतं," सर शांतपणे म्हणाले. "त्यातलं आपल्याला काही काढता येत नाही."

"मग शब्द कशाला दिलात?"

"तुझं समाधान व्हायला नको का? बैठकीत तू अडून बसली असतीस. एवढ्या तेवढ्यात अडकू नकोस. पोरं आहेत, विसरतात." असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सराव पाठ चांगला झाला की ठेवायचे तसा. मी तो हात झटकला. लोकांनी पाहिलं असेल. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं. परका कापता तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. ह्या माणसानं मला शिकवलं होतं तेच वापरून मला फसवलं, आणि ते त्याला चुकीचंसुद्धा वाटत नव्हतं. ह्याचा राग अजून गेलेला नाही. सर गेले, तरी गेलेला नाही.

मुलगी कार्यक्रमातून कधी उठून गेली ते मला दिसलं नाही. नंतर ती वर्गात आलीच नाही. काही दिवसांनी आई तिला घेऊन दाखला न्यायला आली. मी तिला खूप विनवलं, आणखी थोडे दिवस थांबा म्हटलं. "काय थांबू बाई? पोर आते घरमा बी बोलत नही," ती म्हणाली. "तिना बाप कालच तिकिट काढी वना." मोठ्या बाईंनी दाखल्यावर शिक्का मारला. मी मुलीच्या केसांवरून हात फिरवायला गेले, ती आईच्या मागे सरकली.

दोघी दाराबाहेर पडल्या, पायरीवर चपला घालायला थांबल्या. चपला घालता घालता मुलगी माझ्याकडे वळली आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात बोलली. आख्ख्या दीड वर्षात ती माझ्याशी बोलली ते हेच.

"तुम्हीन सांगेल व्हतं, तो हासाव नही."

मलाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सर तिचे कोण लागत होते? तिला सांगणारी मी होते.